नऊ मिनिटं

बुधवारी दुपारी आमची मोजदाद होते.
फाटकात एकदा, दुसऱ्या दाराशी एकदा,
तिसऱ्या दाराशी कुत्रं हुंगून जातं
माझे बूट, माझा डबा, माझं विसावं वर्ष.
स्पायरलची वही चालत नाही, तार असते तिच्यात.
म्हणून शिवलेली घेतली. आता तीच आवडते.

वर्गाची खोली पूर्वी शिवणकामाची होती.
जमिनीत अजून मशिनींच्या पायांचे खळगे आहेत,
खुर्च्या त्यावर लंगडतात.
एक विद्यार्थी, एक कैदी, एक विद्यार्थी, एक कैदी.
फिनोला मॅडमचा नियम.
आणि फक्त पहिली नावं.
आणि गुन्हा विचारायचा नाही.
(आम्ही विचारत नाही.
पहिले तीन बुधवार दुसरं काही मनातच नसतं.)

फळ्यावर लिहिलं होतं: कल्याणकारी राज्य आणि शिक्षा.
साठ पानं वाचून गेले होते मी,
अर्धी पिवळ्या पेनाने माखून.
डॅरिलने काही वाचलं नव्हतं.
"चष्म्यासाठी अर्ज केलाय," म्हणाला, "ऑगस्टात."
मग म्हणाला, "पण हा विषय मला येतो.
माझं कल्याणच केलं त्यांनी."
इद्रिस एवढ्याने हसला की दारातला पहारेकरी आत डोकावला.

नऊ मिनिटं उशीर.
पूल वर उचलला होता, खालून जहाज जात होतं,
बस काठावर उभी.
तेरा आठवडे भत्ता बंद.
"आधी मीटर गप्प झाला. मग फ्रिज. मग मी.
मग बंद पडलेल्या शाळेच्या छपरावर चढलो तांब्यासाठी.
माझीच शाळा.
तिथे पहिल्यांदा कुणी मला विचारलं, पुढे काय करणार?"
हे सांगताना तो बिस्किटाचे चार सारखे तुकडे करत होता
आणि खात एकही नव्हता.

कुठलं ऑफिस, असं मी विचारलं.
विचारायला नको होतं.
"जॅरोचं. दुसरा मजला. खिडकीजवळची बाई,
मोहरीच्या रंगाचा मफलर. वाईट नव्हती, हां.
घड्याळाकडे बघितलं तिने, मग माझ्याकडे,
मग परत घड्याळाकडे, आणि टाइप करायला लागली."

तो मफलर मी विणला होता.
एका टोकाला टाके सुटलेत, ते टोक ती आत खोचते.

मी पाणी प्यायले. वहीत तारीख लिहिली.
आधीच लिहिलेली होती.

निघताना डॅरिलने निबंध हातात दिला, सात पानं,
अक्षर उतरत उतरत समासाबाहेर गेलेलं.
"टाइप करून आणशील? आमच्याकडचा कॉम्प्युटर
गुरुवारी असतो, आणि गुरुवारी माझी पाळी धुलाईला."
मॅडमनी पानं मोजली, शिक्का मारला, सही केली.
कागदांचीही मोजदाद होते बाहेर पडताना.

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले.
बाहेर समुद्राकडून येणारं धुकं, हीटर बेताचा.
त्याची पत्राबद्दलची ओळ आली.
आठवणीतून लिहिली होती त्याने, अवतरणचिन्हांत:
"आपल्या विलंबाचं सबळ कारण आढळून आलं नाही."
माझी बोटं अगदी आईसारखी आहेत,
आखूड, करंगळी किंचित वाकडी.
बघत राहिले, ती ते वाक्य कसं लिहितात ते.

आई कधी आली कळलं नाही.
खांद्यावरून वाकली, ओल्या कोटासकट,
नेहमी वाकते तशी, माझ्या चुका काढायला.
"सबळ नाही," म्हणाली. "पुरेसं.
आम्ही 'पुरेसं कारण' लिहितो."

मग तिने मागची ओळ वाचली.
मग त्याच्या मागची.
मफलरचं टोक कीबोर्डवर लोंबत होतं.
किटली उकळून आपोआप बंद झाली,
आणि तिने खुर्ची ओढली नाही,
कोटही काढला नाही.
"पान वर घे," म्हणाली. "पहिल्यापासून."